मनोरचा हमरस्ता व त्याच्या कडेचे चर

महाराष्ट्राच्या इतिहाससाधनांत किल्ले, देवालयें, ताम्रपट, शिलालेख व दप्तरें यांस जें स्थान मिळालें, तें रस्त्यांस अद्याप मिळालेलें नाहीं. रस्त्यांविषयीं जें लेखन होतें, तेंही घाट कोणीं बांधला, पूल केव्हां झाला, धर्मशाळेची सनद कोणाच्या नांवाची, एवढ्या प्रश्नांभोंवतीं फिरतें. रस्त्याच्या कडेनें जाणारा पाण्याचा चर तर संशोधकाच्या नजरेबाहेरच राहतो. प्रस्तुत लेखांत आम्ही या चराचाच विचार करणार आहों, आणि त्यासाठीं पालघर जिल्ह्यांतील मनोर हें स्थळ घेतलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : महामार्गाच्या कडेस आज जो खोल व उभ्या काठांचा चर दिसतो, त्याची आकृति बैलगाडीच्या काळांत ठरली. ती ज्या कारणांनीं ठरली त्यांपैकीं मुख्य कारण नाहींसें झालें, वाहनांचा वेग पंचवीसपट वाढला, तरी आकृति पुष्कळ ठिकाणीं तीच राहिली. पाण्यासाठीं खणलेली ही रेषा आतां माणसांच्या जिवावर बेतते, आणि ती सुरक्षित करण्याचा मार्गही तिच्या इतिहासांतच सांपडतो.

मनोर हें नांव वाचकांस नवें नाहीं. इ. स. १५५६ त पोर्तुगीजांनीं अशेरीचा किल्ला व मनोर हीं ठाणीं घेतलीं, आणि पुढें सुमारें १८० वर्षें हा मुलूख वसईच्या फिरंगाणाशीं जोडला गेला. चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत तो मराठ्यांकडे आला. या ठिकाणाचें महत्त्व वाटांमुळें होतें. वैतरणेच्या खाडीनें भरतीच्या पाण्यावर होड्या येथवर येत, आणि येथून आंतल्या डोंगरी मुलखाकडे जमिनीची वाट जाई. आजही तें महत्त्व वाटांमुळेंच आहे. पालघरहून वाघोबा खिंडींतून येणारा रस्ता, वाडा-भिवंडीकडे जाणारा रस्ता व मुंबई-अहमदाबाद महामार्ग हे मनोरच्या मस्तान नाक्याच्या परिसरांत एकमेकांस मिळतात. तेथून उत्तरेस चिल्हार फाट्यावर बोईसर-तारापूरची वाट फुटते. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ त सुरू झालें, बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, आणि पूर्वींच्या गाडीवाटांच्या या मुलखांत अवजड मालमोटारींची रात्रंदिवस रहदारी सुरू झाली.

या टापूंतील दुसरी प्रबळ गोष्ट म्हणजे पाऊस. वर्षाकाठीं सुमारें ९० ते १०० इंच पाऊस येथें पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका दिवसांत ४ इंच पाऊस झाला, तर १० मीटर रुंदीच्या रस्त्याच्या एका किलोमीटरवर सुमारें १० लाख लिटर पाणी पडतें. डोंगरउतारावरून येणारें पाणी निराळेंच. एवढ्या पाण्यास वाट दिली नाहीं तर रस्ता एका पावसाळ्यांत उखडेल. म्हणून चर नकोच, असें म्हणणें या मुलखांत निरर्थक होय. चर पाहिजेच, तो कोणत्या आकृतीचा, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथांत खणलेल्या रेषेचीं दोन अगदीं भिन्न प्रयोजनें आढळतात, आणि तीं निराळीं ठेवणें या विषयांत फार अगत्याचें आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत दुर्गाभोंवतीं तीन परिखा खणण्यास सांगितलें आहे. त्यांची रुंदी अनुक्रमें १४, १२ व १० दंड. आलेल्यास अडवावें, घोडा, गाडी व माणूस आंत पडल्यास बाहेर येऊं नये, हा परिखेचा हेतु. त्याच ग्रंथांत नगराच्या व्यवस्थेचे नियम आहेत. रस्त्यावर केर टाकणारास पणाचा आठवा भाग दंड, आणि चिखलपाणी तुंबवणारास पाव पण. राजमार्गावर हाच अपराध घडल्यास दंड दुप्पट. म्हणजे रस्त्यावरील पाणी निघून जावें ही राजाची चिंता होती, आणि किल्ल्याबाहेरील खंदकांत शत्रु अडकावा हीही त्याचीच चिंता होती. पहिल्या कामासाठीं नाली व दुसऱ्यासाठीं खंदक. उभ्या काठांचा, अरुंद तळाचा व खोल चर रस्त्याच्या कडेस खणला, कीं तो नांवानें नाली असला तरी गुणानें खंदक होतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडाच्या वाटा सुगम राहूं नयेत असा जो उपदेश आहे, तो गडासाठीं योग्यच होता. लोकांच्या हमरस्त्यास तो अर्थातच लागू नाहीं.

आतां चराची सांप्रतची आकृति कोठून आली तें पाहूं. इंग्लंडांत जॉन लाउडन मॅकॅडम यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एक साधें तत्त्व मांडलें. रस्त्याचा भार अखेरीस खालची नैसर्गिक माती सोसते, आणि ती कोरडी असेल तोंवरच सोसते. म्हणून रस्ता भोंवतालच्या जमिनीहून उंच असावा व त्याचें पाणी बाजूस निघून जावें. हें तत्त्व पुढें हिंदुस्थानांत आलें. १८५४-५५ च्या सुमारास डलहौसीच्या कारकीर्दींत सार्वजनिक बांधकाम खातें स्थापन झालें. त्या काळच्या सरकारी अहवालांत रस्त्यांची प्रतवारी करतांना खडी घातलेला, पूल बांधलेला व पाण्याचा निचरा केलेला, अशीं विशेषणें एकत्र येतात. मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें लोकल फंड निर्माण झाला, १८८४ च्या कायद्यानें लोकल बोर्डें झालीं, आणि तालुक्यांतील पुष्कळसे रस्ते त्यांच्याकडे आले.

हे रस्ते बांधण्याची रीत लक्षांत घेतली म्हणजे चराचें गूढ उकलतें. रस्ता उंच करावयाचा तर माती पाहिजे. ती डोक्यावर पाटी घेऊन दुरून आणणें महाग पडे. म्हणून जेथें भराव घालावयाचा तेथेंच दोन्हीं बाजूंस खणून ती मध्यें टाकीत. मधला भाग वर आला, बाजूचे भाग खालीं गेले, आणि एकाच खणण्यानें रस्ता व चर हीं दोन्हीं तयार झालीं. तात्पर्य, चराची खोली पाणी किती येईल यावर क्वचितच ठरे. रस्त्यास माती किती पाहिजे, यावर ती पुष्कळदां ठरे. काठ उभे राहिले, कारण फावड्याचा मजूर कमीत कमी रुंदींत जास्तींत जास्त माती काढी. बाहेर शेतकऱ्याचें खाचर, आंत सरकारी हद्द. रुंद खणण्यास जागाही नसे.

अशा रीतीनें जुन्या चराकडे तीन कामें आलीं. रस्त्यास माती पुरविणें हें पहिलें, पृष्ठभागावरील पावसाचें पाणी नेणें हें दुसरें, आणि रस्त्याच्या पायांत मुरलेली ओल खालच्या पातळीस उतरवून घेणें हें तिसरें. त्या काळीं त्याचा उपद्रव फारसा नव्हता. बैलगाडी ताशीं दोन मैलांच्या आंतबाहेर चाले. बैल स्वतः खड्डा ओळखीत, गाडीवान झोंपला तरी बैल वाट सोडीत नसत, आणि चाक घसरलेंच तर गाडी कलंडे, मालाची नासाडी होई. पण माणूस बहुधा वांचे.

मोटारीचा काळ आला, तेव्हां रस्त्यांचा विचार देशपातळीवर सुरू झाला. या विचाराच्या आरंभीं एका महाराष्ट्रीय गृहस्थाचें नांव आहे, हें येथें नमूद केलें पाहिजे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ त रस्ते-विकासाची समिति नेमली गेली. तिचा अहवाल १९२८ त बाहेर पडला, त्यांतून १९२९ त मध्यवर्ती रस्ते निधि निघाला व १९३४ त इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. १९४३ त नागपूर येथें मुख्य अभियंत्यांची परिषद भरली व रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी वर्गवारी ठरली. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यान्वयें दिल्लीहून जयपूर-अहमदाबादमार्गें मुंबईस येणारा रस्ता आठव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला. २०१० च्या नव्या क्रमवारींत मनोरवरून जाणारा हा मार्ग ४८ क्रमांकाचा झाला. दोन पदरांचे चार, चारांचे सहा पदर होत गेले. पृष्ठभाग खडीचा होता तो डांबराचा झाला, आणि २०२३ च्या अखेरीपासून त्यावर काँक्रीटचा थर घालण्याचें काम हातीं घेण्यांत आलें.

या प्रत्येक पायरीवर रस्त्याचें वरचें अंग बदललें. कडेचा चर मात्र रुंदीकरणाबरोबर बाहेर सरकला. त्याच्या आकृतीचा पुनर्विचार त्या प्रमाणांत झाला नाहीं. येथें एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. रस्त्यावर दर खेपेस नवा थर चढतो, तेव्हां त्या जाडीइतका चर आपोआप अधिक खोल होतो. त्यासाठीं कोणास कुदळ उचलावी लागत नाहीं. साइडपट्टी त्याच वेळीं उंच केली नाहीं, तर डांबर किंवा काँक्रीट जेथें संपतें तेथें एक पायरी निर्माण होते. दुचाकीचें चाक त्या पायरीवरून उतरलें, कीं तें परत वर चढवितांना तोल जातो.

वेगाचा हिशेब केल्यास प्रश्नाचें स्वरूप स्पष्ट होतें. ताशीं ८० किलोमीटर वेगाचें वाहन एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जातें. धोका दिसणें, मनानें जाणणें व पायानें ब्रेक दाबणें यासाठीं आपल्याकडील रस्तेरचनेंत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यांत ५५ मीटर रस्ता सरतो. तें वाहन १५ अंशांचा कोन करून रस्त्याबाहेर निघालें, आणि कडेपासून तीन मीटरांवर चर असला, तर तो अर्ध्या सेकंदांत चाकाखालीं येतो. म्हणजे चालकास चूक कळण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो. पुढें काय घडेल तें चालकाच्या कौशल्यावर राहत नाहीं, चराच्या काठाच्या उतारावर राहतें.

या उतारांविषयीं जें ज्ञान आज सर्वमान्य आहे, त्याचा पाया अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील मिलफर्ड येथें घातला गेला. जनरल मोटर्स कंपनीच्या चांचणीच्या मैदानांत वाहनें रस्ता सोडून कोठवर जातात याची नोंद ठेवण्यांत आली. तेथील स्टोनेक्स यांनीं १९६० त तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कडेस सुमारें ३० फूट जागा अडथळ्यांवांचून मोकळी व सपाट असेल, तर रस्ता सोडणाऱ्या दर शंभर वाहनांपैकीं सुमारें ऐंशी वाहनें तेवढ्यांत सांवरतात, असें दिसून आलें. त्या मैदानांतील झाडें व अडथळे काढले गेले आणि चर पसरट करण्यांत आले. १९६७ नंतर तेथील महामार्ग-अधिकाऱ्यांच्या संघटनेनें हा विचार आपल्या मार्गदर्शनांत घेतला.

त्यांतून निघालेले नियम समजण्यास सोपे आहेत. एक फूट खालीं जाण्यास चार फूट किंवा त्याहून अधिक आडवें अंतर असेल, तर चालकास वाहन सांवरून परत रस्त्यावर आणतां येतें. तीन ते चार फूट असेल, तर वाहन बहुधा उलटत नाहीं, पण परतही येत नाहीं. तें तळापर्यंत जातें. म्हणून तळाशीं मोकळी जागा हवी. तीन फुटांहून कमी असेल, तर उलटण्याचा धोका मोठा. चराचा तळ टोंकदार असल्यास वाहनाचें नाक पलीकडच्या काठांत रुततें. तळ रुंद व गोलसर असल्यास तें वरून निघून जातें. घाटांतील रस्त्यावर हीच गोष्ट परातीसारख्या उथळ चरानें साधते. वाघोबा खिंडीसारख्या ठिकाणीं डोंगराकडील अंगास असा चर असला, तर समोरून बस आल्यास दुचाकीस किंवा मोटारीस क्षणभर त्यावर चाक घालतां येतें. उभ्या भिंतींच्या गटारांत तें शक्य नसतें.

यावर एक रास्त आक्षेप येतो, आणि तो या मुलखांत विशेष वजनदार आहे. एक मीटर खोल व तळाशीं एक मीटर रुंद असा चर, एकास एक उताराचा, तीन मीटर जागा घेतो. तोच चर दोन्हीं काठांस एकास चार उताराचा केला, तर नऊ मीटर लागतात. सहा मीटरांचा हा फरक दर किलोमीटरास एका बाजूस सुमारें दीड एकर व दोन्हीं बाजूंस तीन एकर होतो. मनोरच्या आसपास ही जमीन म्हणजे पुष्कळदां वारली, कोकणा किंवा मल्हार कोळी कुटुंबाचें भाताचें खाचर असतें. वाहनांच्या सुरक्षेचें मोल त्या कुटुंबानें कां द्यावें, हा प्रश्न टाळतां येण्यासारखा नाहीं.

इतिहासाचा उपयोग आम्हांस नेमका येथें दिसतो. जुना चर खोल होता, कारण त्याच्याकडे तीन कामें होतीं. त्यांतील माती पुरविण्याचें काम संपून कित्येक दशकें लोटलीं. आज भराव यंत्रांनीं व मालमोटारींनीं दुरून येतो. पायांतील ओल काढण्याचें काम दगडगोटे व छिद्रांच्या नळ्या घालून बुजविलेल्या वेगळ्या नालीकडे देतां येतें. ती जमिनीखालीं असल्यानें कोणासही अडवीत नाहीं. मग उघड्या चराकडे पृष्ठभागावरील पाणी नेणें एवढेंच काम उरतें, आणि त्यास तितकी खोली लागत नाहीं. मोऱ्या अधिक जवळ जवळ घातल्या व दर टप्प्यास पाणी ओढ्याकडे सोडलें, तर अर्धा मीटर खोलीचा चर पुष्कळ ठिकाणीं पुरेल. एकास चार उतारानेंही तो पांच मीटरांत बसतो. जमिनीचा वाद त्यानें मिटत नाहीं. पण सहा मीटरांचा फरक दोन मीटरांवर येतो. त्यावर गवत उगवूं दिल्यास पाण्याचा वेगही मंदावतो व काठ धुपत नाहीं. जेथें तेवढीही जागा नाहीं, तेथें भक्कम झांकणाची नाली अथवा लोखंडी संरक्षक कठडा हे उपाय आहेत. परंतु कठडा हाही एक अडथळाच असल्यानें, चराहून तो कमी घातक ठरेल तेथेंच घालावा असा संकेत आहे.

चराइतकेच घातक त्याच्या वाटेंत येणारे उभे दगडी चेहरे. मोरीच्या तोंडाशीं बांधलेली भिंत, किंवा ढाब्याकडे व पेट्रोलपंपाकडे वळण्यासाठीं चरावर नळ टाकून केलेला लहान भराव, हीं चरांत उतरलेल्या वाहनासमोर उभी भिंत होऊन येतात. या तोंडांस चराच्या उताराबरोबर तिरकें कापणें व मोठ्या नळांवर आडवे गज बसविणें, हा फारसा खर्चाचा उपाय नव्हे. पूर्वजांनीं गाडीवानांच्या सांवलीसाठीं रस्त्यालगत झाडें लावलीं, त्यांचेंही असेंच झालें आहे. त्यांचा हेतु उत्तम होता. वेग बदलल्यानें त्यांची जागा बदलली पाहिजे, आणि नवीं झाडें चराच्या पलीकडे लावलीं पाहिजेत.

या चर्चेमागें काय पणास लागलें आहे, हें मनोरच्या उत्तरेस घडलेल्या एका अपघातानें साऱ्या देशास दाखविलें. ४ सप्टेंबर १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, ४ सप्टेंबर २०२२ या दिवशीं चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यु पावले. तेथें चर नव्हता, कठडा होता. पण प्रश्न एकच. रस्त्याचा पृष्ठभाग जेथें संपतो, तेथें चुकलेल्या वाहनाचें स्वागत कशानें व्हावें? त्या अपघाताची चर्चा झाली, कारण मृत व्यक्ति प्रसिद्ध होती. मेंढवण खिंडीपासून मस्तान नाक्यापर्यंत दुचाकीवरून कामास जाणारा मजूर पावसाळ्याच्या रात्रीं गवतानें झांकलेल्या चरांत गेला, तर त्याची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यापलीकडे होत नाहीं.

आतां संग्राहकांस एक विनंति. आपण मोडी कागद, सनदा व वंशावळी जतन करतों. रस्त्याच्या कडेच्या चराची सनद म्हणजे त्याचा आडवा छेद दाखविणारा नकाशा होय. बांधकाम खात्याचीं जुनीं अंदाजपत्रकें, मोजमापाच्या वह्या, ठेकेदारांचीं बिलें व लोकल बोर्डाच्या सभांचीं कार्यवृत्तें यांत चर किती खोल होता, माती कोठून घेतली, मोरी कोणत्या वर्षीं बांधली, हें लिहिलेलें असतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला. जिल्हा विभागला जातो तेव्हां दप्तरही विभागलें जातें, आणि अशा वेळीं निरुपयोगी म्हणून रद्दींत प्रथम जातात ते असलेच कागद. कोणाच्या घरीं जुन्या ठेकेदाराच्या अथवा ओव्हरसीयरच्या वह्या असतील, तर त्या टाकूं नयेत. त्यांवरील वर्ष, रस्त्याचें नांव व मैलाचा आंकडा टिपून ठेवावा, आणि शक्य तेथें त्याच मैलावर आज चर किती खोल व किती उभा आहे, हें फूटपट्टीनें मोजून शेजारीं लिहावें. अशा पन्नास-शंभर नोंदी एकत्र झाल्या, तर कोणत्या ठिकाणीं चराची खोली पाण्यासाठीं आहे व कोणत्या ठिकाणीं ती केवळ जुन्या मातीच्या खणतीचा अवशेष आहे, हें अभियंत्यांस दाखवितां येईल. दुसऱ्या प्रकारचे चर भरून उथळ करण्यास हरकत कसली?